थर्टीतून जुनी स्कॉच: बंद डिस्टिलऱ्यांच्या नोंदी

१२ ऑक्टोबर २०२४

दसऱ्याच्या दिवशीच बॉक्स आला. सहा छोट्या बाटल्या, प्रत्येकी तीस मिली, टोपणावर मेणाचं सील, म्हणजे आपल्याकडच्या बारमधली बरोब्बर एक थर्टी. यादी अशी: इनव्हरगॉर्डन, कॅम्बस, कॅपरडॉनिक, लिटलमिल, रोझबँक आणि पोर्ट एलन. यातली इनव्हरगॉर्डन सोडली तर बाकी सगळ्या बंद पडलेल्या किंवा बंद पडून आत्ता आत्ता परत सुरू झालेल्या डिस्टिलऱ्या, म्हणजे व्हिस्की गाळायचे कारखाने, आणि जी व्हिस्की आपल्या हातात आहे ती मात्र बंद पडण्याच्या आधीची, म्हणजे ती आता नव्याने कुणीच बनवू शकत नाही.

यांच्या अख्ख्या बाटल्या घ्यायच्या म्हटल्या तर पोर्ट एलनला माझा महिन्याचा पगार पुरणार नाही. आणि ज्यांना परवडतं त्यातले बरेच जण ती उघडतच नाहीत, कपाटात ठेवतात आणि भाव वाढला की लिलावात विकतात, म्हणजे जी गोष्ट पिण्यासाठी बनवली ती कुणाच्याच जिभेवर जात नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. सातशे मिलीच्या बाटलीतून तीस तीसचे तेवीस नमुने निघतात, म्हणजे तेवीस माणसांना ती कळते. म्हणून हा प्रोजेक्ट. नितीनदादा आणि मी निम्मे निम्मे पैसे घातलेत, प्रत्येकाला पंधरा मिली. वहिनी पीत नाहीत पण वास घेणार, आणि त्यांचं नाक आमच्या दोघांपेक्षा तयार आहे हे मसाले दळताना, तूप कढवताना अनेकदा बघितलंय, त्यामुळे त्यांच्या नोंदी वेगळ्या लिहायच्या.

१३ ऑक्टोबर २०२४

पद्धत ठरवली, कारण पंधरा मिली म्हणजे दोन मोठे घोट, गप्पा मारता मारता संपून जातील.

ग्लेनकेर्नचे ग्लास, तेच ट्यूलिपसारखे, खाली पोट आणि वर तोंड लहान. दहा मिली ओतायची, वर बशी झाकून वीस मिनिटं ठेवायची, मग फक्त वास, मग घोट. राहिलेली पाच शेवटी, ड्रॉपरने थेंब थेंब पाणी घालून. चकणा नाही. शेंगदाणे, चिवडा काही नाही, जेवण दोन तास आधी झालेलं पाहिजे आणि वहिनींनी त्या दिवशी लसूण फोडणीला घालायचा नाही असं नितीनदादा म्हणाला, त्यावर वहिनी म्हणाल्या की मग ती मैफल रणजितच्याच घरी करा. ठरलं, माझ्याच घरी.

प्रत्येक जुन्या नमुन्याबरोबर एक आजची साधी, दुकानात मिळणारी व्हिस्की शेजारी ठेवायची. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. लेबलवर १९८२ लिहिलंय म्हणून जीभ आपोआप नमस्कार करायला लागते, शेजारी ओळखीचा ग्लास असला की ती जरा जाग्यावर राहते.

पाण्याबद्दल नितीनदादाचा विरोध होता, एवढ्या महागाच्या व्हिस्कीत पाणी कशाला म्हणून. त्याला २०१७ चा स्वीडनमधल्या लिनियस विद्यापीठातल्या कार्लसन आणि फ्रीडमन यांचा अभ्यास सांगितला. त्यांनी कॉम्प्युटरवर सिम्युलेशन केलं होतं, धुराचा वास देणारं गुआयाकॉल नावाचं संयुग आहे त्याचं. अल्कोहोल ४५ टक्क्यांपर्यंत असलं की ते रेणू वर पृष्ठभागापाशी जमतात, आणि ५९ टक्क्यांच्या पुढे गेलं की अल्कोहोल त्यांना घेरून आत खाली ठेवतं. म्हणजे कडक व्हिस्कीत पाणी घातलं की वास वर यायला वाट मिळते. दादा म्हणाला, "बरं, घाल, पण शेवटच्या पाचातच."

२६ ऑक्टोबर २०२४

सुरुवात दोन ग्रेन व्हिस्क्यांनी. माल्टवाले, म्हणजे नुसत्या मोड आणलेल्या बार्लीची व्हिस्की पिणारे, ग्रेनला हलकं समजतात, कारण ती गहू किंवा मक्यापासून, उंच कॉलम स्टिलमध्ये, म्हणजे गाळायच्या उभ्या भांड्यात, सतत चालणाऱ्या पद्धतीने बनते, स्पिरिट, म्हणजे नुकतंच गाळलेलं अल्कोहोल, स्वच्छ आणि पातळ निघतं आणि बहुतेक सगळं ब्लेंडमध्ये, म्हणजे माल्ट आणि ग्रेन मिसळलेल्या व्हिस्कीत, जातं. पण हेच स्पिरिट चाळीस वर्षं कास्कमध्ये, म्हणजे लाकडी पिंपात, राहिलं तर काय होतं हे बघायचं होतं.

इनव्हरगॉर्डन १९७० च्या दशकात गाळलेली, चाळिशी ओलांडलेली. झाकण काढल्या काढल्या ओल्या नारळाचा वास, अगदी खवणीवरून ताजा पडतो तसा. हा ओकच्या लाकडातल्या लॅक्टोन नावाच्या संयुगांचा वास, अमेरिकन ओकमध्ये ते जास्त असतात. मागून व्हॅनिला, मग काकवी, आणि वीस मिनिटांनी जे आलं ते वहिनींनी पकडलं, म्हणाल्या, "पिकलेलं केळं आणि जायफळ." आम्ही दोघं तोपर्यंत नुसतं गोड गोड म्हणत बसलो होतो. घोट जाड, तेलकट, शेवट लांब, कुठेच टोचत नाही. मला अतिशय आवडली. सहा नमुन्यांत सगळ्यात स्वस्त हीच होती.

कॅम्बस १९९० च्या आसपासची. ही डिस्टिलरी अलोआजवळ होती, १९१४ मध्ये आगीत जळली, १९३८ ला परत चालू झाली आणि १९९३ ला कायमची बंद. आता त्या जागी डियाजिओ या दारू कंपनीचं पिंपं बनवायचं आणि दुरुस्त करायचं मोठं वर्कशॉप आहे. चव चांगली आहे, टॉफी, थोडा लिंबाच्या सालीचा कडवटपणा, पण इनव्हरगॉर्डननंतर पोरकट वाटली. पाणी घातल्यावर मोडूनच पडली.

९ नोव्हेंबर २०२४

आज टेस्टिंग नाही, दिवाळीचे पाहुणे होते. फक्त नोंद म्हणून: लिटलमिलच्या बाटलीचं मेण तडकलंय आणि पातळी बोटभर खाली. विकणाऱ्याला फोटो पाठवले, त्यांनी दुसरी पाठवतो म्हणून लगेच कळवलं. छोट्या बाटलीत हा प्रश्न मोठ्या बाटलीपेक्षा गंभीर असतो, कारण तीस मिलीतली पाच उडाली तरी आत हवा किती वाढली बघा, आणि हवेबरोबर आधी वरचे नाजूक फळांचे वास जातात. बाकीच्या तीन न उघडलेल्या बाटल्यांच्या टोपणांभोवती आता लॅबमधली पॅराफिल्म ताणून गुंडाळली, उभ्या ठेवल्या, अंधाऱ्या कपाटात. आडव्या कधीही ठेवायच्या नाहीत, वाइनची सवय इथे चालत नाही, एवढं कडक अल्कोहोल बूच खाऊन टाकतं.

२३ नोव्हेंबर २०२४

रोझबँक. ही घरी प्यायच्या आधी जागा बघायची असं ठरवलं होतं म्हणून सकाळी एडिंबराहून ट्रेनने फॉल्कर्कला गेलो. वाटेत लिनलिथगो लागतं, तिथे रेल्वेच्या अगदी शेजारी सेंट मॅग्डलीनची जुनी इमारत दिसते, छपरावर तो भट्टीचा पॅगोडा तसाच आहे पण आत आता फ्लॅट आहेत. १९८३ ला बंद झाली. त्या एका वर्षात किती बंद झाल्या, पोर्ट एलन, ब्रोरा, बॅन्फ, इनव्हर्नेसची ग्लेन ॲल्बिन आणि ग्लेन मोर, डॅलस ढू. कारण साधं होतं. सत्तरच्या दशकात मागणी अशीच वाढत राहणार असं धरून सगळ्यांनी भरमसाट गाळून ठेवली, मग मंदी आली, लोक व्होडका आणि वाइनकडे गेले, गोदामात व्हिस्कीचा तलाव साठला आणि कंपन्यांनी एकेक करून स्टिलखालची आग विझवली. आज ज्याला आपण दुर्मीळ म्हणून डोक्यावर घेतो ते तेव्हा कुणालाच नको असलेला माल होता, आणि बऱ्याचशा डिस्टिलऱ्या दर्जामुळे नाही तर जागा, जुनी यंत्रं, सांडपाणी, रस्ता असल्या कारणांनी बंद झाल्या. रोझबँक १९९३ ला बंद झाली, तिच्याबाबतीतही सांडपाण्यावरचा खर्च हे एक कारण सांगतात.

रोझबँक फोर्थ-क्लाइड कालव्याच्या काठावर आहे. बंद असताना २००८ च्या नाताळाच्या सुमारास चोरांनी तांब्याची स्टिल्सच पळवली. २०१७ मध्ये इयन मॅक्लाउड या कंपनीने ती विकत घेतली, तशीच स्टिल्स नव्याने घडवून घेतली, २०२३ च्या जुलैत पुन्हा स्पिरिट निघायला लागलं आणि या उन्हाळ्यात लोकांसाठी दार उघडलं. तीन वेळा गाळायची पद्धत तीच ठेवली आहे आणि वाफ थंड करायला वर्म टब, म्हणजे पाण्याच्या टाकीत बुडवलेली तांब्याची वेटोळी नळी, तीही तशीच. हा जोड विचित्र आहे आणि तिथेच रोझबँकचं रोझबँकपण आहे असं मला वाटतं. तीनदा गाळल्याने स्पिरिट हलकं होतं, आणि वर्म टबमध्ये वाफेला तांब्याचा स्पर्श कमी मिळतो त्यामुळे अंग राहतं. काचेतून स्टिल्स बघताना नितीनदादा बराच वेळ काही बोललाच नाही, मग म्हणाला, "चल आता, घरची उघडू."

संध्याकाळी उघडली. एकवीस वर्षांची, १९९० च्या सुमाराला गाळलेली, पन्नास टक्क्यांच्या वर. रंग फिकट, गवताच्या काडीचा. शेजारी आजची ऑकेन्टॉशन ठेवली, तीही लोलँडची, म्हणजे दक्षिण स्कॉटलंडची, आणि तीनदा गाळलेली. ऑकेन्टॉशन गोड, सरळ, चांगली. रोझबँकमध्ये फुलं आहेत पण त्याखाली मेण आहे, ओली माती आहे, कच्च्या कैरीचा आंबटपणा आहे. वहिनी म्हणाल्या, "चाफा, पण झाडावरचा नाही, परडीत दुपारपर्यंत राहिलेला." पाण्याच्या तीन थेंबांनी ती आणखी उघडली. एकवीस वर्षं लाकडात राहूनही लाकूड पुढे आलेलं नाही, स्पिरिटच बोलतंय. या व्हिस्कीला मी विसरणार नाही. नव्या रोझबँकला व्हिस्की म्हणवून घ्यायलाच २०२६ उजाडेल कारण कायद्याने किमान तीन वर्षं ओकमध्ये लागतात, आणि ती वीस-एकवीस वर्षांची होईल तेव्हा आम्ही दोघं निवृत्त झालेलो असू.

१४ डिसेंबर २०२४

बॉक्सच्या बाहेरची एक. इथल्या छोट्या लिलावातून जुन्या ब्लेंडची मिनिएचर मिळाली, लेबलवर ७० प्रूफ लिहिलेलं. ब्रिटिश मापात ७० प्रूफ म्हणजे आजचे ४० टक्के, आणि हे माप १९८० मध्ये बदललं, म्हणजे बाटली त्याच्या आधीची. जुन्या बाटलीचं वय काढायला अशाच खुणा बघतात: प्रूफ की टक्के, मिलीलीटर की फ्लुइड औंस, पत्त्यातला पिनकोड, टोपणाचा प्रकार.

पण खुणा बनवताही येतात. २०१७ मध्ये सेंट मॉरिट्झच्या एका हॉटेलात एका चिनी लेखकाने १८७८ ची मॅकॅलन म्हणून एका पेगला जवळजवळ दहा हजार स्विस फ्रँक मोजले, नंतर ऑक्सफर्डमध्ये तपासणी झाली तर ती १९७० ते ७२ च्या दरम्यान बनलेली ब्लेंड निघाली, हॉटेलने पैसे परत केले. पुढच्या वर्षी ग्लासगोजवळ ईस्ट किलब्राइडच्या प्रयोगशाळेत ५५ दुर्मीळ बाटल्या तपासल्या, त्यातल्या २१ खोट्या किंवा लेबलवरच्या सालाच्या नव्हत्या. तपासणी कार्बनवरून होते. १९५० आणि ६० च्या दशकांत जे अणुचाचणी स्फोट झाले त्यामुळे हवेतला किरणोत्सारी कार्बन-१४ एकदम वाढला आणि मग हळूहळू उतरत गेला, बार्ली वाढताना त्या त्या वर्षीच्या हवेतला कार्बन घेते, तोच अल्कोहोलमध्ये येतो. म्हणजे १८७८ च्या व्हिस्कीत बॉम्बचा कार्बन सापडला की खेळ संपला.

थर्टीच्या सेटमध्ये तर मूळ बाटली आपण बघतच नाही, सगळा भरवसा भरणाऱ्यावर. म्हणून माझा नियम, कुठली बाटली, कुठल्या बॉटलरची, गाळल्याचं आणि भरल्याचं साल, किती टक्के हे सगळं लेबलवर नसेल तर घ्यायची नाही. आणि कुणी अनोळखी माणूस घरी भरून विकत असेल तर स्वस्त असली तरी नाही.

मिनिएचरमधली ब्लेंड सुंदर निघाली, आजच्या त्याच ब्रँडपेक्षा जाड, धूर जास्त, आणि मागे एक जुन्या ट्रंकेचा, डांबरगोळीच्या जवळचा वास जो बाटलीतच राहून येतो. कास्कमधून बाहेर आली की व्हिस्कीचं वय थांबतं असं कायदा म्हणतो आणि लेबलपुरतं ते बरोबर आहे, पण काचेतही चाळीस-पन्नास वर्षांत काहीतरी फिरतंच.

११ जानेवारी २०२५

कॅपरडॉनिक. रोथसमध्ये ग्लेन ग्रँटच्या समोर १८९८ ला उभी राहिली, १९०२ ला बंद, १९६५ ला परत चालू, २००२ ला पुन्हा बंद, मग इमारत पाडली आणि जागा शेजारच्या फोर्साइथ्स या तांब्याची स्टिल्स घडवणाऱ्यांनी घेतली. तिची दोन स्टिल्स बेल्जियममध्ये आहेत, बेल्जियन आउल तिथे त्यांच्यातून व्हिस्की काढतात.

व्हिस्की मात्र साधी. सफरचंद, बार्ली, थोडं आलं, शेवट आखूड आणि लाकडाचा तुरटपणा. शेजारी ठेवलेली आजची दहा वर्षांची ग्लेन ग्रँट नितीनदादाला जास्त आवडली आणि मलाही. दादा आधी कचरत होता, किंमत आठवत होती बहुतेक, पण वहिनींनीही न सांगता ग्लेन ग्रँटचाच ग्लास पुढे ओढला. मिळत नाही म्हणून महाग आहे आणि चांगली आहे म्हणून महाग आहे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, बाजार त्या एकत्र करून विकतो. ही जर मी अख्खी बाटली घेतली असती तर मनाला ती आवडवून घ्यावीच लागली असती.

२५ जानेवारी २०२५

बर्न्स नाइट, म्हणजे कवी रॉबर्ट बर्न्सच्या वाढदिवसाची रात्र, इथे घरोघरी हॅगिस (मेंढीच्या मांसाचा स्कॉटिश पदार्थ) आणि व्हिस्की. आमच्याकडे दादाचा भाचा पुण्याहून आलेला, त्याने गोव्याच्या पॉल जॉनची छोटी बाटली आणली, मी अमृत काढली. मुद्दा हा की वय या आकड्याला हवामान सोडून अर्थ नाही. स्कॉटलंडच्या थंड ओलसर गोदामात कास्कमधून वर्षाला सुमारे दोन टक्के उडतं, बंगळुरूला अमृतमध्ये दहा-बारा टक्के. तिथे चाळीस वर्षांची व्हिस्की असूच शकत नाही, कास्क कधीच कोरडं पडेल, पण चार-पाच वर्षांतच लाकूड इथल्या दुप्पट-तिप्पट वयाएवढं बोलतं. अमृतच्या मागचं घराणं जगदाळ्यांचं, आणि त्यांनी ही सिंगल माल्ट जगात पहिल्यांदा आणली ती २००४ च्या ऑगस्टमध्ये ग्लासगोत, तेही एका इंडियन रेस्टॉरंटमध्ये. स्कॉचवाल्यांच्या दारात जाऊन आपली माल्ट ठेवायची, याला छाती लागते. वीस वर्षांनी त्याच देशात बसून आम्ही ती प्यालो, भाच्याने तर ब्लाइंडमध्ये, म्हणजे लेबल न बघता पिताना, तिला अठरा वर्षांची स्कॉच म्हटलं.

१५ फेब्रुवारी २०२५

लिटलमिल, बदली आलेली बाटली, मेण पक्कं, पातळी बरोबर. क्लाइड नदीकाठी बोलिंग गावात होती, स्कॉटलंडच्या सगळ्यात जुन्या डिस्टिलऱ्यांत तिचं नाव घेतात, १९९४ ला उत्पादन थांबलं, २००४ ला उरलेल्या इमारतींना आग लागली. आता तिथे बघायला काही नाही म्हणून गेलो नाही.

नाकाला पहिल्यांदा पुठ्ठा, ओला कागद, नितीनदादाने तोंड वाकडं केलं. बशी झाकून ठेवली. अर्ध्या तासाने त्याच ग्लासातून अननस, पेरू, मग फणसाचे गरे. मी दोनदा ग्लास तपासला की दुसराच उचललाय का. वहिनी फक्त "फणस" म्हणाल्या आणि ग्लास बराच वेळ परत दिलाच नाही. असे फळांचे वास जुन्या, लाकडाचा फार जोर न उरलेल्या कास्कमध्ये हळूहळू तयार होतात, आम्लं आणि अल्कोहोल जुळून एस्टर नावाची सुगंधी संयुगं बनतात, त्याला घाई करता येत नाही, आणि कास्क फार ताजं असेल तर लाकडाखाली ते दबून जातात. म्हणजे इथे वयाने काम केलंय, कॅपरडॉनिकमध्ये नाही, आणि दोघींची वयं लेबलवर जवळजवळ सारखी आहेत. जे काही आहे ते कास्कमध्ये आहे. जो विकणारा वय मोठ्या अक्षरात लिहितो आणि कास्कबद्दल एक ओळ देत नाही त्याला यापुढे प्रश्न विचारायचे.

२२ मार्च २०२५

पोर्ट एलन. १९८२, म्हणजे शेवटच्या वर्षांतली. आयला बेटावर तेव्हा डीसीएल या मोठ्या व्हिस्की कंपनीच्या तीन डिस्टिलऱ्या होत्या, लागाव्हुलिन, कल ईला आणि ही, त्यात कल ईला सत्तरच्या दशकात मोठी करून झालेली, त्यामुळे मंदीत नंबर हिचा लागला. १९८३ ला बंद, गेल्या वर्षीच्या मार्चमध्ये परत चालू. शेजारी साहजिकच बारा वर्षांची कल ईला.

कल ईलाचा धूर समोरून येतो, ताजा, लिंबाचा. पोर्ट एलनमध्ये धूर जवळजवळ विरलाय, इतक्या वर्षांत पीटचा, म्हणजे बार्ली वाळवताना जाळलेल्या दलदलीच्या मातीच्या धुराचा, जोर उतरतो, आणि त्याच्याखाली जे आहे ते दिसायला लागतं: समुद्राचं मीठ, दोरखंड, मेण, खारवलेलं लिंबू, दवाखान्याच्या पट्टीचा पुसटसा वास. घोट मऊ नाही, धारदार आहे, वय झालं म्हणून गोड झालेली नाही. दादाने पहिल्या घोटानंतर डोळे मिटले आणि म्हणाला, "अरे रणजित, ही म्हातारी अजून भांडते." पाण्याचा एकच थेंब घातला, धूर थोडा परत वर आला, जसा तो स्वीडनचा अभ्यास सांगतो. रिकामा ग्लास सकाळपर्यंत झाकून ठेवला, धूर अजून होता.

माझा क्रम: रोझबँक, लिटलमिल, इनव्हरगॉर्डन, पोर्ट एलन, कॅम्बस, कॅपरडॉनिक. दादा पोर्ट एलन पहिली म्हणतो आणि रोझबँक दुसरी, वहिनी लिटलमिलवरून हलत नाहीत. इनव्हरगॉर्डन तिघांच्याही पहिल्या तीनात आहे, तिची अर्धी बाटली अजून एका दोस्ताबरोबर मिळून घेता येईल का बघतोय. पुढच्या बॉक्ससाठी सेंट मॅग्डलीन आणि ब्रोरा बघितल्या, ब्रोराची एक थर्टी या अख्ख्या बॉक्सच्या किमतीच्या जवळपास जाते, त्यामुळे तिला आणखी एक भागीदार लागेल. सेंट मॅग्डलीन मागवली.